हिंगणघाटचे पाहुणे

माझ्या आईला नाशिक जिल्ह्यात परका माणूस भेटत नाही.

म्हणजे भेटतो, पण फार वेळ परका राहत नाही. आधी गाव विचारायचं, मग आडनाव, मग त्याच्या आईचं माहेर, मग बायकोचं माहेर. एवढ्या भांडवलावर आई कुणालाही बघता बघता नात्यात ओढून आणते. समोरचा तिच्या चुलत जावेच्या भाच्याचा साडू निघतो. अगदीच नाही जमलं तर साडूच्या गावचा तरी निघतोच, आणि गावचा म्हणजे घरचाच! (आईच्या हिशेबात गाव आणि घर यांच्यामध्ये भिंत नाही.)

ऐकायला हे गोड वाटतं. पण आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तेव्हाची गोष्ट सांगतो. प्लंबर आला, त्यानं पान्हा पिशवीतून बाहेर काढला आणि तेवढ्यात तो आईच्या आतेबहिणीचा जावई निघाला. जावई म्हटल्यावर शिरा झाला, टॉवेल-टोपी झाली. त्यानं मजुरी घ्यायला साफ नकार दिला आणि आईच्या पाया पडून तो गेला. नळ आजही गळतो. जावयाला परत बोलावून 'तुमचं काम बरोबर झालं नाही' असं कुणी सांगायचं? आम्ही नळाखाली बादली ठेवली आहे.

तर आमच्या घराचा हा कायदा आहे. नातं निघालं की भाव करता येत नाही, तक्रार करता येत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पैसे देता येत नाहीत.

माझी बायको मंजुषा शाळेत गणित शिकवते. तिचं माहेर पुण्यात, पेठेत. तिथं शेजारच्याशी नातं असलं तरी ते न दाखवण्याची पद्धत आहे. त्यामुळे हा कायदा अंगवळणी पडायला तिला वेळ लागला, आणि पुरता पडला असं अजूनही म्हणवत नाही. कारण घोटी.

झालं असं की एका हिवाळ्यात तिनं बिल्डिंगभर जाहीर केलं, आम्ही रविवारी घोटीला जातोय, थेट शेतकऱ्याकडून नवा इंद्रायणी तांदूळ आणतोय, कुणाला हवा असेल त्यानं पिशवी द्या. गंगापूर रोडवर राहणाऱ्या माणसाला 'थेट शेतातून' हे दोन शब्द ऐकवले की तो पिशवीच काय, उशीचा अभ्रासुद्धा काढून देतो. आम्ही गाडीभर रिकाम्या पिशव्या घेऊन घोटीला गेलो. शेतकरी भला माणूस. भाव ठरला, तागडी निघाली, आणि आईनं त्याच्या बायकोला विचारलं, "माहेर कुठलं गं तुझं?"

पुढचं सांगायला नकोच. चहा झाला, जेवण झालं, रडणंही झालं. निघताना त्यांनी आमच्या हातात पंच्यात बांधून थोडे तांदूळ ठेवले. वानवळा. शेतातलं नवं पीक सोयऱ्याधायऱ्यांना चाखायला द्यायचं, त्याला आपल्याकडे वानवळा म्हणतात आणि वानवळ्याचे पैसे काढणं म्हणजे घरी बोलावून तोंडात मारण्यासारखं. विकत द्या असं म्हणायची सोयच उरली नाही. बिल्डिंगमध्ये आम्ही तो तांदूळ वाटीवाटीनं वाटला. वरच्या मजल्यावरच्या पाटणकर वहिनींनी वाटी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली आणि विचारलं, "कुठल्या देवीचा प्रसाद?"

मंजुषाला ते फार लागलं.

म्हणून मे महिन्यात तिनं जेव्हा पुन्हा जाहीर केलं की आम्ही देवळ्याला जाऊन वर्षाचा उन्हाळ कांदा आणणार आहोत, तेव्हा मी घाबरलो. उन्हाळ कांदा नीट निवडून घेतला तर दिवाळीपर्यंत टिकतो, दुकानातला आषाढातच कोंब काढून बसतो, वगैरे सगळं खरं होतं. पण बिल्डिंगनं या वेळी गोण्या देताना एक विशिष्ट हसू सोबत दिलं होतं. पाटणकर वहिनींनी तर गोणीबरोबर एक वाटीही दिली. "गोणी नाहीच भरली तर," त्या म्हणाल्या.

त्या वाटीनं मंजुषाचा निश्चय पक्का झाला. कांदा आणायचा, विकत आणायचा, पैसे मोजून आणायचा. आणि त्यासाठी आईचं तोंड बंद ठेवायचं. आईला घरी ठेवून जायचं हा सरळ मार्ग होता, पण देवळा हा आईच्या माहेरचा मुलूख. तिला तिकडे न नेता जाणं म्हणजे घरात पुढचे सहा महिने मौन. तेव्हा शनिवारी जेवताना मी विषय काढला. म्हटलं, आई, तू चल, पण उद्या नातं काढायचं नाही. मंजुषा घाईघाईनं म्हणाली, तसं नाही हो आई, तुम्ही बोला की, फक्त गाव विचारू नका.

"गाव नाही विचारायचं तर बोलायचं काय?" आईनं विचारलं. मग तीच म्हणाली, "बरं. कांदे गाडीत पडेपर्यंत मी तोंडच उघडत नाही. शब्द दिला." आणि आईचा शब्द म्हणजे शब्द.

सकाळी निघालो. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. आई मागच्या सीटवर गोण्यांच्या गठ्ठ्याला टेकून बसली होती. वडाळीभोईच्या अलीकडे ती एकदाच बोलली. म्हणाली, देवळ्याकडे निघालोच आहोत तर इंदूची कुठं चौकशी करता आली असती.

इंदू म्हणजे आईची सख्खी मावसबहीण. दोघी एका घरात वाढल्या. साऱ्या जिल्ह्याची नाती काढणाऱ्या आईला हिचा मात्र पत्ता नव्हता. दोघींची लग्नं झाली, आई नाशिकला आली. इंदूच्या सासरच्यांनी गावची जमीन विकून दुसरीकडे कुठं तरी मळा घेतला, आईचे मामा-मावश्या वारले, आणि धागा तुटला. लहानपणची एक गोष्ट आई नेहमी सांगते. कांद्याची पात विळ्यानं कापून कांदा वेगळा करायचा, त्याला तिकडे खांडणं म्हणतात. दोघी एकाच ढिगाला समोरासमोर बसून कांदे खांडायच्या. आई डावखुरी, इंदू उजवी, त्यामुळे दोघींचे विळे एकाच बाजूला यायचे आणि रोज भांडण व्हायचं. शेवटी इंदूच जरा तिरपी सरकून बसायची. गोष्ट एवढीच आहे. पण ती सांगताना आईचा आवाज दर वेळी बदलतो.

"पुढच्या वेळी नक्की, आई," मंजुषा म्हणाली. मीही म्हटलं, आज फक्त कांदा. आई खिडकीतून बाहेर बघायला लागली.

चहाला थांबलो तेव्हा टपरीवाला आपणहून म्हणाला, "मावशी, तुम्ही आमच्याच भागातल्या दिसता." आईनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि डाव्या हातातला ग्लास तोंडाला लावला. उपवासाच्या दिवशी कुणी भज्यांची परात समोर धरावी तसा तिचा चेहरा झाला होता. चहाचे पूर्ण पैसे देऊन आम्ही निघालो. मंजुषाला ते फार शुभ वाटलं.

भावडबारीचा घाट उतरल्यावर रस्त्याला लागून मळे दिसायला लागले. कांद्याचे ढीग, त्यांवर पसरलेली पात. एका कच्च्या रस्त्यानं आत गेलो तर लिंबाच्या झाडाखाली पाचसहा बायका कांदे खांडत होत्या आणि चाळीशीतला एक उंच गडी गोण्या शिवत होता. तो उठून पुढे आला. नाव नाना. चेहरा असा हसरा, की बघताक्षणी मी सावध झालो. असल्या चेहऱ्याची माणसं नातं काढतात.

"या या," नाना म्हणाला. "कुठलं गाव पाहुण्यांचं?"

झालं! आईचं तोंड बंद केलं होतं, समोरच्याचं कोण करणार? नाशिक म्हटलं तर तो नाशिकमध्ये कुठं विचारणार, मग मूळ गाव विचारणार, मग आईचं माहेर, आणि मग शिरा. मला एवढंच सुचलं की जितकं लांबचं गाव सांगू तितकं बरं.

"हिंगणघाट," मी म्हणालो.

मंजुषानं माझ्याकडे असं बघितलं, जसं ती फळ्यावर दोन आणि दोन पाच लिहिणाऱ्या मुलाकडे बघत असेल. हिंगणघाट मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. नाना चकित झाला. एवढ्या लांबून कांद्याला? मी म्हटलं, नाशिकला बदली झाली आहे, नुकतीच. त्यानं गाडीच्या नंबरप्लेटकडे बघितलं. एमएच पंधरा, म्हणजे नाशिकचीच, आणि रंग उडालेली. मी म्हटलं, गाडी मित्राची आहे. गाडीच्या मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' लिहिलं होतं. नानानं ते वाचलं आणि तो आईकडे वळला.

"मावशी, नाशिक मानवलं का?"

आई गप्प. शब्द म्हणजे शब्द. नानानं तोच प्रश्न जरा मोठ्यानं विचारला. आईनं लांबच्या डोंगराकडे बघितलं.

"तिला ऐकू येत नाही," मी म्हणालो.

एक खोटं पचलं की दुसरं सोपं जातं म्हणतात. तसं काही नसतं, दुसऱ्याला जास्त घाम येतो. नानाचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यानं आईला हाताला धरून लिंबाखाली नेलं, पोतं अंथरून बसवलं, खुणेनं पाणी विचारलं. वरून मला सांगितलं, लसणाचं तेल कोमट करून कानात सोडा, आमच्या चुलत्याला लय फरक पडला. तेवढ्यात आईचा फोन वाजला. आईनं सवयीनं पिशवीत हात घालून तो बाहेर काढला, दचकली, आणि माझ्यापुढे धरला. बायका बघायला लागल्या. मी म्हटलं, फोन थरथरतो ना, त्यावरून कळतं तिला. (फोन प्लंबर जावयाचा होता. कट केला. आता नळ गळण्याचं पाप आमच्याकडे आलं.)

मंजुषानं मात्र झटक्यात कामाचा ताबा घेतला. तिनं कांदे हातात घेऊन दाबले, पापुद्रा पाहिला, मान पाहिली. भाव विचारला, जास्त आहे म्हणाली, निघाल्यासारखं केलं, परत आली. नाना हसत हसत थोडा खाली उतरला. मी तिला इतकं खूश आमच्या लग्नातही पाहिलेलं नाही. कित्येक वर्षांत आमच्या घरातल्या माणसानं कुणाशी तरी भाव केला होता! गोण्या भरायला लागल्या. पहिली काट्यावर चढली. पाटणकर वहिनींची ती वाटी मंजुषानं डॅशबोर्डवर ठेवली होती, तिच्याकडे तिनं एकदा विजयी मुद्रेनं पाहिलं.

इकडे लिंबाखाली आई बसून होती. कांद्याचा ढीग समोर, पाच बायका भराभर खांडतायत, आणि आपण नुसतं बसायचं हे काही तिच्यानं होईना. तिनं पडलेला एक विळा उचलला आणि पात कापायला लागली. डाव्या हातानं. हात बसलेला होता, कांद्याला मान ठेवून पात अशी उडत होती, की हिंगणघाटला कांद्याशिवाय काही पिकतच नसावं. नानाही काट्यावरून वळून बघायला लागला.

त्या बायकांत एक म्हातारी होती. नानाची आई. ती आईच्या समोरच बसली होती. दोघींचे विळे एकमेकींना लागायला लागले, तशी म्हातारी काही न बोलता, कांद्यावरची नजरसुद्धा न उचलता, जरा तिरपी सरकून बसली.

आणि मग तिचा हात थांबला. तिनं आईच्या डाव्या हाताकडे बघितलं. मग कुणालाच उद्देशून नाही असं, अहिराणीत म्हणाली, "आमना माहेरले डावा हातवरी कांदा खांडनारी एकच व्हती. मनी यमुनी. कोन जाने कथी गयी."

यमुना माझ्या आईचं नाव.

मला अहिराणी बोलता येत नाही, पण समजते: माझी यमुनी, कोण जाणे कुठं गेली. घरात आई तिच्या भावांशी फोनवर तेच बोलते. मी काट्यापाशी उभा होतो, हातात गोणीचं तोंड होतं. आई खाली मान घालून बसली होती. विळा थांबलेला. तिच्या डोळ्यांतून पाणी सरळ कांद्यांवर पडत होतं, आणि कांदे खांडणाऱ्या बाईच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे कोण बघणार? तिनं फक्त एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं जिला शोधत होती ती हातभर अंतरावर बसलेली, आणि कांदे अजून गाडीत पडायचे होते.

इथं एखाद्या चांगल्या मुलानं धावत जायला हवं होतं. मी काय केलं? मी काट्यावरचा आकडा बघितला. उरलेल्या गोण्या बघितल्या. मनात म्हटलं, एवढ्या भरून झाल्या, पैसे हातात पडले, की लगेच सांगू. पाच मिनिटांनी काय बिघडतं? नात्यापेक्षा पाच मिनिटं आधी पावती, एवढाच माझा विचार होता. मी आईकडे बघून हळूच हातानं 'थांब' अशी खूण केली. बहिऱ्या बाईला खूण केली यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, हीच काय ती सोय.

मंजुषाला अहिराणीचा एक शब्द समजत नाही. तिनं फक्त आईचा चेहरा पाहिला, आणि माझी खूण पाहिली. हातातली गोणी तिनं खाली ठेवली.

"आई," ती म्हणाली, "शब्द गेला खड्ड्यात. बोला तुम्ही."

आईनं विळा बाजूला ठेवला. पदरानं डोळे पुसले. आणि समोरच्या म्हातारीला म्हणाली, "इंदे, कोठेच नही गयी व. आठेच शे." कुठंच गेले नाही, इथंच आहे.

मग जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. दोघी ढिगावरच एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि कांदे चारी बाजूंना घरंगळले. खांडणाऱ्या बायकांपैकी एकीनं सप्तशृंगीच्या गडाच्या दिशेनं हात जोडले, कारण तिच्या मते जन्माची बहिरी बाई नुकतीच बोलायला लागली होती. नाना जागच्या जागी उभा होता. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. ही आईची मावसबहीण. म्हणजे आपली मावशी. म्हणजे हा आपला मावसभाऊ. मग हिंगणघाट?

त्यानं तसं विचारलंच. रडणं जरा ओसरल्यावर सगळ्यांसमोर विचारलं, "मावशी, मग हे हिंगणघाट काय प्रकरण हाय? आन् बहिरी काय?"

मी तोंड उघडलं. आईनं माझ्याकडे एक शांत नजर टाकली. त्या नजरेत सकाळपासूनचा सगळा रस्ता होता, टपरीवरचा चहा होता, आणि विशेष करून माझी ती 'थांब' अशी खूण होती.

"त्याला ऊन लागतं," आई म्हणाली. "लहानपणापासून. उन्हात आला की असंच काहीबाही बोलतो. आम्ही मनावर घेत नाही."

मी मंजुषाकडे बघितलं. ती गणिताची शिक्षिका, खोट्याचा तिला तिटकारा. ती गंभीरपणे म्हणाली, "हल्ली प्रमाण वाढलंय."

इंदूमावशीचा जीव कळवळला. एवढा शिकलेला, नोकरीचा मुलगा, आणि हे असं. तिनं मला हाताला धरून बाजेवर आडवं केलं. डोक्यावर ओला पंचा ठेवला. कांदा ठेचून तळपायांना चोळला, आणि एक अख्खा कांदा माझ्या खिशात घातला. हा कायम जवळ ठेवायचा, उन्हाळा असो नसो. मी दोनदा उठून म्हटलं, अहो मावशी, मी ठीक आहे, मी मुद्दाम खोटं बोललो होतो. दोन्ही वेळा तिनं आईकडे बघितलं, आईनं हळूच मान हलवली, आणि मावशीनं मला पुन्हा झोपवलं. नाना येऊन पायाशी बसला आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "भाऊ, मला ओळखता का? मी कोन?"

जेवायला आमरस होता. गावठी आंब्याचा, पिवळाधमक. पोळ्या होत्या, तळलेल्या कुरडया होत्या. मला ताकात कुस्करलेली भाकरी मिळाली. रस उष्ण पडतो, उन्हाच्या माणसाला बाधतो, असं मावशीचं म्हणणं पडलं. मंजुषानं दुसरी वाटी घेताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता राहिला कांदा. अपेक्षेप्रमाणे नानानं पैशांना हात लावायला नकार दिला. सोयऱ्याकडून पैसे? काट्यावरच्या गोण्या तर भरल्याच, वर स्वतःहून आणखी एक चढवली. मंजुषा नोटा हातात धरून उभी राहिली. घोटीचा पंचा तिच्या डोळ्यांसमोर आला असणार, फक्त या वेळी तो गाडीएवढा मोठा होता. कुणाच्या घामाचा एवढा माल फुकट नेणं तिला जमणारं नव्हतं, आणि पैसे घेणं नानाला चालणारं नव्हतं. दोघंही रडवेली झाली.

तेव्हा आई उठली. मंजुषाच्या हातातल्या सगळ्या नोटा तिनं घेतल्या, घडी केली आणि इंदूमावशीच्या पदराला गाठ मारून बांधल्या. "बहीण इतक्या वर्षांनी भेटली," ती म्हणाली. "साडीचोळी नको का करायला?" साडीचोळी नाकारणं म्हणजे बहीण नाकारणं. (तेवढ्या पैशांत आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना साड्या आल्या असत्या, पण ते कुणी बोललं नाही.)

परतताना घाटात मंजुषानं न राहवून विचारलं, आई, हे तुम्हाला घोटीला का नाही सुचलं?

"तिथं मला विचारलं कुणी?" आई म्हणाली. "तुम्ही दोघं तोंडं पाडून गाडीत जाऊन बसलात."

बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या गोण्या भरून पोचल्या. पाटणकर वहिनींची वाटी मंजुषानं परत केली, रिकामी कशी द्यायची म्हणून त्यात एक कांदा ठेवून. तो कांदा दिवाळीपर्यंत टिकला असं त्या सांगतात. आई आणि इंदूमावशीचं आता एक दिवसाआड फोनवर बोलणं होतं. गाई-म्हशी, पाऊस, सुना असं सगळं झालं की शेवटी मावशी आवाज खाली करून विचारते, "पोऱ्याले आते कसं वाटस?" आई माझ्याकडे बघते आणि म्हणते, आहे तसाच आहे.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण परवा आईला घेऊन मी गंगापूर रोडवर चष्म्याच्या दुकानात गेलो. चष्मा माझा होता. आईनं दुकानदाराला गाव विचारलं, तो निघाला सटाण्याकडचा. आडनाव झालं, माहेर झालं, साडू झाले, तरी धागा काही जुळेना. आई पहिल्यांदाच हरते की काय असं वाटलं. मला खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. तेवढ्यात दुकानदाराचं लक्ष माझ्या शर्टाच्या खिशाकडे गेलं. मावशीच्या हुकमानं खिशात कांदा होता.

"थांबा," तो म्हणाला. "देवळ्याच्या नानाभाऊंचे मावसभाऊ, ज्यांना ऊन लागतं आणि ते हिंगणघाट-हिंगणघाट करतात, ते हेच का?"

"हाच," आई अभिमानानं म्हणाली.

आता पंचक्रोशीत आमचं नातं माझ्यावरूनच निघतं. दुकानदारानं चहा मागवला आणि आईच्या पाया पडून फ्रेमचे पैसे घ्यायला साफ नकार दिला. चष्मा मला सैल होतो, सारखा नाकावरून घसरतो. पण आपल्याच माणसाला 'बदलून द्या' असं कसं म्हणणार? म्हणून हल्ली मी मान वर करून चालतो, आणि बघणाऱ्यांना वाटतं, बिचारा ऊन किती आहे ते बघतोय.